आखाजीच्या अंगणात दोन हृदयं: दोऱ्यावरचा बदाम आणि एका रेषेतलं हृदयकमळ

पत्त्यांतल्या हृदयाच्या आकाराच्या लाल पानाला आपण बदाम म्हणतो. ‘बदाम सात’ खेळत मोठा झालेला माणूस लग्नपत्रिकेवर, वहीच्या कोपऱ्यात किंवा अंगणात तोच आकार काढतो तेव्हाही तोंडी शब्द बदामच येतो. हृदय हा पुस्तकातला शब्द झाला. बोलताना आपण काळीज म्हणतो आणि जीव म्हणतो. लेक काळजाचा तुकडा असते, आपण जीव लावतो, जीव ओततो. अहिराणीत ळ चा य होतो, तसं काळजाचंही कायीज होतं. काळीज म्हणजे मुळात यकृत, पण बोलणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. माया जिथे राहते ती जागा, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा असा सण आहे, की त्या दिवशी या आकाराचे दोन्ही अर्थ एकाच घरात लागतात. सासरी गेलेली लेक माहेरी येते, कडुनिंबाला झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरली जाते, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. एक हृदय मायेचं आणि एक जीवात्म्याचं. म्हणून इथे दोन रांगोळ्या सांगितल्या आहेत. अंगणात फाटकाकडे टोक करून काढायचा बदाम आणि घरात घागरीभोवती काढायचं हृदयकमळ. घागरीखाली हृदयकमळ काढायची जुनी रीत आहे असं नाही. ही आकृती दक्षिणेतली, तमिळ घरांत देवापुढे काढतात ती. पण त्या जागी ती शोभते, आणि का शोभते ते काढताना कळतं.

दोन्हींसाठी एकच गोष्ट आधी पटली पाहिजे. हृदय हाताने काढायला जाल तर बिघडतं, दोऱ्याने काढाल तर साधतं. फूल, वेल, कोयरी थोडी इकडेतिकडे झाली तरी खपते. बदामाच्या दोन बाजू मात्र डोळा लगेच ताडून पाहतो, आणि अर्ध्या इंचाचा फरकही दारातून दिसतो.

जागा आणि सामान

एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याकडे पारा ४० च्या वर असतो. दुपारी झळा सुटल्या की रांगोळी उडते आणि काढणारा माणूसही टिकत नाही. अंगणातलं काम सूर्य वर यायच्या आत संपवा. शेणाने सारवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी सारवा. सकाळी सारवून लगेच रेघ ओढली, तर ओल रांगोळीत चढते आणि पांढरी रेघ राखाडी पडते. फरशी असेल तर रांगोळी घसरते, बोट लागलं की पुसते. फरशीवर आधी गेरूचा हात द्या. अर्धी वाटी पाण्यात तीन चमचे गेरू आणि अर्धा चमचा डिंकाचं पाणी पुरतं. एवढ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागा होते. डिंक घातला नाही तर गेरू सुकल्यावर पायाला लागतो. जास्त घातला तर तो चकाकतो आणि त्यावर रांगोळी ठरत नाही.

पांढरी रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे त्या पांढऱ्या दगडाच्या पुडीची घ्या. चिमटीत धरून सोडली तर धार अखंड पडली पाहिजे. फार बारीक असेल तर गोळ्या धरते आणि वाऱ्यावर जाते, भरड असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंना कण उडतात. बारीक रव्यापेक्षा जरा बारीक, असा अंदाज ठेवा. पाकीट दमट वाटलं तर ताटात पसरून तासभर उन्हात ठेवा आणि चाळून घ्या. रांगोळी बिघडते ती बहुधा हातामुळे नाही, दमट पुडीमुळे.

याशिवाय खडू, मोजायची टेप, चहाची गाळणी आणि दोरा लागतो. दोरा गोधडी शिवायचा, दुहेरी कापसाचा घ्या. साधा शिलाईचा दोरा ताणला की लांबतो. सहा इंचांचा गोल फिरवताना तो पाव इंचाने वाढला तर एक पाकळी दुसरीपेक्षा मोठी होते, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. सुतळी नको, तिच्या गाठीने माप सरकतं.

बदाम: एक चौरस, दोन अर्धगोल

बदामाचं सगळं गुपित एवढंच आहे, की टोकावर उभा केलेला एक चौरस घ्यायचा आणि त्याच्या वरच्या दोन बाजूंवर एकेक अर्धगोल चढवायचा. माप लक्षात ठेवायला १२ आणि १७ ही जोडी पुरते. १२ इंच बाजूच्या चौरसाचा कर्ण १७ इंच असतो. हीच जोडी पुढे हृदयकमळातही उपयोगी पडते.

आधी खडूने एक फुली काढा, एक रेघ उभी आणि एक आडवी. ती काटकोनात आहे का ते बघायला ९-१२-१५ चं माप वापरा. फुलीच्या एका हातावर, म्हणजे रेघेवर, मध्यापासून ९ इंचांवर खूण, दुसऱ्यावर १२ इंचांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर नेमकं १५ आलं पाहिजे. फरशीवर काढत असाल तर फरशीच्या सांध्यांचा आधार घेता येतो, मात्र जुन्या घरांत सांधे तिरपे असतात. टेप लावून खात्री करा.

फुलीच्या मध्यापासून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे साडेआठ-साडेआठ इंचांवर खुणा करा. चारही खुणा जोडल्या की टोकावर उभा चौरस मिळतो. त्याची प्रत्येक बाजू मोजून बघा. १२ च्या आसपास आली नाही तर फुली वाकडी आहे. पुढे जाऊ नका, पुसा.

आता वरच्या डाव्या बाजूचा मध्य शोधा, म्हणजे टोकापासून ६ इंचांवर. तिथे दोऱ्याचं एक टोक अंगठ्याने दाबा. मातीचं अंगण असेल तर काडी रोवा. दुसऱ्या टोकाला ६ इंचांवर खडू बांधा आणि बाहेरच्या बाजूने अर्धा गोल फिरवा. गोल वरच्या टोकापासून सुरू होऊन डाव्या टोकाशी संपतो. तसाच उजवीकडे. आतल्या रेघा पुसल्या की बदाम तयार. रुंदी साडेवीस इंच येते, उंची पावणेएकोणीस. वरची खाच पावणेदोन इंच खोल असते.

डाव्या-उजव्या टोकांशी अर्धगोल आणि खालची सरळ बाजू जोड न दिसता एकमेकांत मिसळतात. हे आपोआप होतं, कारण गोल त्या ठिकाणी खालच्या बाजूच्याच दिशेने उतरत असतो. तिथे कोपरा दिसला तर समजा दोऱ्याचा मध्यबिंदू चुकला आहे.

मोठा काढायचा असेल तर फुलीचा हात ५ धरला, की चौरसाची बाजू ७ येते. हात १५ इंच घेतला तर बाजू २१ इंच आणि बदाम साधारण तीन फूट रुंद होतो. लग्नाच्या मांडवापुढे तेवढा पुरतो. त्याहून मोठा काढायचा झाला तर एकट्याने मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही, दोघी हव्यात.

या मापाचा बदाम जरा बसका, गुबगुबीत दिसतो. कुणाला उभट आवडतो. त्यासाठी खालचं टोक तीन इंच आणखी खाली घ्या, पण मग त्या टोकापासून जुन्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढू नका, तिथे कंगोरा पडतो. दोऱ्याचं एक टोक नव्या टोकावर दाबा, दोरा ताणा आणि बाहेरून आत आणत जा. अर्धगोलाला तो जिथे नुसता टेकेल तिथपर्यंत रेघ ओढा. गोलाचा शेवटचा थोडा भाग त्यामुळे खाली लोंबतो, तो पुसून टाका.

हाताने काढलेले बदाम ठरावीक तऱ्हांनी बिघडतात. खालच्या बाजू बाहेर फुगल्या की कांदा होतो. आत ओढल्या गेल्या की भोवरा होतो. खाच फार खोल गेली की दोन चेंडू शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दूरचा भाग मोठा होणं. आपण एका बाजूला बसून काढतो, लांबचं डोळ्याला लहान भासतं, म्हणून हात नकळत ते मोठं करतो. दोऱ्याने आखलं तर यातलं काही होत नाही.

टोक कुणीकडे

बदामाचं टोक बघणाऱ्याकडे असावं. लेक फाटकातून येणार असेल तर टोक फाटकाकडे, म्हणजे तिला तो सुलटा दिसेल. घरातून बघताना तो उलटा दिसतो, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही, रांगोळी येणाऱ्यासाठी असते. चालायच्या वाटेवर बरोबर मधोमध काढू नका, एका अंगाला घ्या. विशेषतः नावं लिहायची असतील तर. नावावरून पाय जाणं कुणालाच रुचत नाही.

टोक खालीच का, असा प्रश्न मुलं विचारतात. छातीतलं खरं हृदय मुठीएवढं असतं आणि त्याचं टोक खाली, डावीकडे झुकलेलं असतं. बदामाचं त्याच्याशी तेवढंच साम्य. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस हा आकार प्रेमाशी जोडला गेला आणि पंधराव्या शतकात पत्त्यांवर बसला. पत्त्यांबरोबर तो आपल्याकडे आला. आपल्याकडची हृदयाची कल्पना वेगळी, कमळाची. सुश्रुतसंहितेत हृदय खाली तोंड केलेल्या कमळासारखं सांगितलं आहे, जागेपणी फुलणारं आणि झोपेत मिटणारं. खाली टोक असलेला बदाम काढताना मिटलेली कळी डोळ्यांपुढे ठेवली, तर हात आपसूक बाजू सरळ आणि टोक नाजूक ठेवतो.

रंग आधी, रेघ नंतर

आधी रंग भरा आणि पांढरी किनार शेवटी ओढा. उलट केलं तर भरताना रंग किनारीवर सांडतो आणि पांढरं कधीच पांढरं राहत नाही.

१२ इंची बाजूच्या बदामाचं क्षेत्र पावणेदोन चौरस फुटांहून किंचित जास्त भरतं. पातळ, सलग थर द्यायला पाव किलो रंगीत रांगोळी लागते. तीन फुटी बदामाला पाऊण किलो. गाळणीत रंग घेऊन चार-पाच इंचांवरून हलकी टिचकी मारत फिरवा. गाळणी उंच धरली तर रंग बाहेर उडतो, फार जवळ धरली तर ढीग पडतात. काठाचा शेवटचा इंच गाळणीने भरू नका, चिमटीने भरा.

नुसता गुलाल भरायचा मोह टाळा. तो उडतो, पायांना लागतो आणि सारवलेल्या जमिनीवर डाग ठेवतो. हवाच असेल तर दोन भाग पांढऱ्या रांगोळीत एक भाग गुलाल मिसळा, छान राणी रंग येतो. बदामाला उठाव हवा असेल तर काठापासून तीन बोटं आतपर्यंत गडद लाल आणि मध्ये लाल-पांढरं निम्मं-निम्मं भरा. दोन रंगांच्या सीमेवर कोरड्या बोटाने हलके ठिपके देत गेलं की सीमा मावळते. बोट घासू नका, खालची जमीन उघडी पडते.

किनार ओढताना खालच्या टोकापासून सुरुवात करा, डावी बाजू वर न्या आणि खाचेत थांबा. मग पुन्हा टोकापासून उजवी. वरून खाली आणून टोकावर थांबलं तर हात थांबताना चिमटीतली रांगोळी सुटते आणि टोकावर गोळा पडतो. टोक बोथट दिसलं की सगळा बदाम बोथट दिसतो. खाचेत तोच गोळा पडला तरी खपून जातो.

नावं लिहायची असतील तर जागा आधी ठरवा. १२ इंची बदामात सगळ्यात रुंद पट्टा मधल्या आडव्या रेघेपासून तिच्या वर चार-पाच इंचांपर्यंत असतो. तिथे १७ ते २० इंच मिळतात. खाली झपाट्याने चिंचोळं होत जातं, टोकापासून चार इंचांवर फक्त आठ इंच उरतात. म्हणून पहिलं नाव मधल्या रेघेच्या वर, दुसरं तिच्या लगेच खाली, आणि लहान नाव खाली. दोऱ्याने आधी शिरोरेघा आखा, मग अक्षरं टांगा. अक्षर अडीच इंच धरलं तर वेलांटी-मात्रेला वर आणखी इंचभर जागा सोडा. ही जागा सोडायची राहते आणि मग दुसऱ्या नावाची वेलांटी पहिल्या नावाच्या पोटात शिरते.

बाण मारायचाच असेल तर लोखंडी पात्याच्या जागी आंब्याचा मोहोर काढा. मदनाच्या पाच बाणांत आम्रमंजरी आहेच, आणि वैशाखात डोळ्यांपुढे आंबाच असतो.

पिंपळपान याच आखणीतून निघतं. वरचे दोन गोल तसेच, बाजू किंचित बाहेर फुगवायच्या आणि टोकाला पानाच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बारीक शेपटी. शेपटीकडे जाताना रेघ बाहेरून आत वळते, ते वळण जमलं नाही तर पान नागवेलीचं दिसतं. शेजारी खरं पान ठेवून काढा.

हृदयकमळ: आठ दिशा, पाच ठिपके, एक रेषा

खरी कसोटी इथे आहे. हृदयकमळ म्हणजे आठ ओळी, प्रत्येक ओळीवर पाच ठिपके, आणि सगळ्या चाळीस ठिपक्यांतून जाणारी एकच रेषा. ती निघते त्याच ठिपक्यावर परत येते आणि कुठल्याही ठिपक्यावर दुसऱ्यांदा जात नाही. कठोपनिषदात हृदयात वसणारा पुरुष अंगठ्याएवढा सांगितला आहे. मधोमध अंगठ्याएवढी जागा ठेवून तिच्याभोवती न तुटणारी रेषा फिरवायची, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना प्रणाम करावासा वाटतो.

आपल्याला मध्ये घागर ठेवायची आहे, म्हणून मधली जागा मोठी घेऊ. पहिला ठिपका मध्यापासून ५ इंचांवर, पुढचे तीन-तीन इंचांनी, म्हणजे ५, ८, ११, १४, १७. पूर्ण आकृती ३४ इंच रुंद होते. घागर न ठेवता नुसती समईपुढे काढायची असेल तर ३, ६, ९, १२, १५ चालेल आणि मध्ये अंगठा टेकवून हळदीचा ठिपका द्यावा. ठिपक्यांमधलं अंतर दोन इंचांहून कमी करू नका, मध्याजवळ रेघा एकमेकींना चिकटतात.

बदामासारखीच काटकोनातली फुली काढा, प्रत्येक हात १७ इंच. शेजारच्या दोन हातांच्या टोकांना दोरा ताणून धरा, तो २४ इंच भरला पाहिजे. तो दोरा दुमडून मध्य काढा. मध्य आकृतीच्या केंद्रापासून १२ इंचांवर येतो, तीच १२-१७ ची जोडी. केंद्रापासून त्या मध्यातून बाहेर १७ इंच रेघ ओढली की कोपऱ्याची दिशा मिळाली. चारही कोपऱ्यांना असंच. आठ ओळी झाल्यावर शेजारच्या कुठल्याही दोन टोकांत १३ इंच अंतर आलं पाहिजे. कुठे साडेबारा, कुठे साडेतेरा येत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. रेषा फिरायला लागल्यावर ही चूक दुप्पट दिसते.

ठिपक्यांना आतून बाहेर १ ते ५ आकडे द्या आणि रेषेचा क्रम पाठ करा: १, ३, ५, २, ४. एका ओळीवर एकच ठिपका घ्यायचा आणि लगेच शेजारच्या ओळीवर जायचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, प्रदक्षिणेसारखं. पूर्वेपासून सुरू करून पाच फेऱ्या अशा होतात:

पहिली: पूर्व १, आग्नेय ३, दक्षिण ५, नैऋत्य २, पश्चिम ४, वायव्य १, उत्तर ३, ईशान्य ५.
दुसरी: पूर्व २, आग्नेय ४, दक्षिण १, नैऋत्य ३, पश्चिम ५, वायव्य २, उत्तर ४, ईशान्य १.
तिसरी: पूर्व ३, आग्नेय ५, दक्षिण २, नैऋत्य ४, पश्चिम १, वायव्य ३, उत्तर ५, ईशान्य २.
चौथी: पूर्व ४, आग्नेय १, दक्षिण ३, नैऋत्य ५, पश्चिम २, वायव्य ४, उत्तर १, ईशान्य ३.
पाचवी: पूर्व ५, आग्नेय २, दक्षिण ४, नैऋत्य १, पश्चिम ३, वायव्य ५, उत्तर २, ईशान्य ४.
आणि परत पूर्व १, रेषा मिटली.

हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही, क्रम पुरतो. ताळा मात्र ठेवा: पूर्वेच्या ओळीवर प्रत्येक फेरीला तुम्ही एकेक ठिपका पुढे सरकता, १, २, ३, ४, ५. तिसऱ्या फेरीला पूर्वेच्या तिसऱ्या ठिपक्यावर नसाल तर मागच्या फेरीत कुठेतरी ५ नंतर ३ घेतला गेला आहे. बहुतेकांचं तिथेच चुकतं. आकडा मोठ्याने म्हणत काढा. घरातलं लहान मूल शेजारी बसवून त्याला आकडे म्हणायला लावले तर आणखी बरं.

रेषा एकच का राहते, याचं कारण आठ आणि पाच या आकड्यांत आहे. दोघांना एकाच वेळी भाग जाईल अशी एकाशिवाय दुसरी संख्या नाही. त्यामुळे ओळ आणि ठिपका यांची तीच जोडी चाळीस पावलांआधी पुन्हा जुळत नाही. ओळी दहा घेतल्या तर पहिल्याच फेरीत रेषा मिटते आणि पाच सुटी कडी पडतात. दिसायला फार फरक वाटत नाही, पण हृदयकमळ म्हणून जे काढायचं होतं ते राहिलंच नाही. बारा ओळी मात्र चालतात, साठ ठिपके होतात. योगात हृदयाशी मानलेल्या अनाहत चक्राचं कमळ बारा पाकळ्यांचं मानतात, तेव्हा ज्यांना तेच काढायचं आहे त्यांनी बारा ओळी घ्याव्यात आणि पहिला ठिपका ७ इंचांवर ठेवावा, नाहीतर मध्ये दाटी होते. बारा ओळींसाठी बाहेरचा गोल फिरवून फुलीच्या प्रत्येक टोकापासून दोन्ही बाजूंना त्रिज्येएवढा दोरा टेकवत खुणा करा. प्रत्येक काटकोनाचे तीन सारखे भाग पडतात.

रेषा सरळ ओढू नका. सरळ ओढली तर चांदणी होते, कमळ होत नाही. ५ व्या आणि ४ थ्या ठिपक्यावर रेषा वळून परत आत येते, तिथे पाकळीचं टोक करा, जरा निमुळतं. १ ल्या आणि २ ऱ्या ठिपक्यावर ती आतून वळून बाहेर निघते, तिथे वळण गोल ठेवा. ३ ऱ्या ठिपक्यावर वळण नाही, रेषा त्यातून बाहेरच निघून जाते. हे तीन प्रकार हाताला कळले की आठ पाकळ्यांचे दोन थर आपोआप उभे राहतात, एक पाचव्या ठिपक्यांवर आणि एक चौथ्यांवर. आकृतीला एका बाजूला किंचित पीळ दिसतो, तो चुकीचा नाही, क्रमच एका दिशेचा आहे.

सरळ धरली तरी ही रेषा ३६ फुटांची होते, वळणांसकट चाळिसाच्या आसपास. दीडशे ग्रॅम पांढरी रांगोळी हाताशी ठेवा. चिमूट संपली की मध्येच थांबू नका, ठिपक्यावर थांबा. पुढची चिमूट त्याच ठिपक्यापासून सुरू केली तर जोड दिसत नाही. पहिल्यांदा काढताना पाटीवर किंवा कागदावर दोनदा काढून बघा आणि जमिनीवरही आधी खडूने. कुठे चुकलं तर फक्त त्या दोन ठिपक्यांमधली रेघ ओल्या कापडाच्या टोकाने टिपा आणि सुकू द्या. हाताने झटकलं तर शेजारची रेघही जाते.

घागर ठेवताना

मातीची घागर पाझरते. उन्हाळ्यात तिने पाझरावंच, पण ते पाणी पहिल्या ठिपक्यांपर्यंत पोचलं की आतल्या वळणांचा चिखल होतो. मध्ये आठ-नऊ इंचांचं काठाचं ताट ठेवा, त्यात तीन-चार मुठी गहू पसरा आणि गव्हात घागर बसवा. घागरीचा बूड गोल असतो, गव्हामुळे ती डुलत नाही आणि पाझरही गव्हात जिरतो. नऊ इंचांहून मोठं ताट नको, पहिले ठिपके ५ इंचांवर आहेत आणि रेषेची जाडी धरावी लागते. घागर दोन्ही हातांनी सरळ वरून खाली आणा. बाजूने सरकवत आणली तर चाळीस ठिपक्यांची मेहनत पदराने पुसली जाते. पदर खोचा, लोंबती ओढणी बांधा. डांगर आणि आंबे घागर बसल्यावर ठेवा, आधी नाही. दिवा ठेवायचा असेल तर पाचव्या ठिपक्यांच्या बाहेर, पूर्वेच्या टोकापुढे. आत ठेवला तर तेलाचा थेंब पडतो आणि तेलाचा डाग रांगोळीने झाकत नाही.

पंखा बंद ठेवा किंवा मंद. छताच्या पंख्याची हवा खाली उतरते आणि रेघा विस्कटतात.

दुसऱ्या दिवशी

आधी घागर उचला, मग ताट. पांढरी रांगोळी कोरड्या कुंच्याने गोळा करून चाळली तर पुन्हा वापरता येते, आखणीच्या कामाला ती उत्तम. रंगीत रांगोळी गोठ्याकडे किंवा चाऱ्याजवळ झाडून टाकू नका, गुरांच्या तोंडात जाते. ती कागदात भरून वेगळी ठेवा. ताटातले ओले गहू सावलीत पसरून त्याच दिवशी सुकवा. उन्हाळा असला तरी रात्रभर गोळा करून ठेवले तर वास धरतात.